नाव घरी, हमी दारी : वाय-फायच्या नोंदवहीची गोष्ट

परदेशात शिकायला आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये पहिल्याच आठवड्यात एक नाव येऊन बसतं : एज्युरोम. युनिव्हर्सिटीचा आयडी आणि पासवर्ड टाका, अशी सूचना कुठल्या तरी कागदावर असते. फोन मध्येच विचारतो, या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का? आपण 'हो' म्हणतो आणि विसरून जातो. मग सहा महिन्यांनी कॉन्फरन्ससाठी दुसऱ्याच देशात जातो, तिथल्या कँपसवर पाऊल टाकतो, आणि फोन आपला आपण नेटवर्कला जोडला जातो. काउंटरवर जाऊन विचारणं नाही, पासपोर्टची झेरॉक्स नाही, मोबाइलवर ओटीपी नाही.

त्या अनोळखी युनिव्हर्सिटीला आपण कोण ते कसं कळलं?

खरं उत्तर असं आहे की कळलंच नाही. त्यांनी फक्त आपल्या घरच्या युनिव्हर्सिटीला विचारलं, "हा तुमचा माणूस का?" आणि तिकडून उत्तर आलं, "हो, आमचा." एवढ्यावर दार उघडलं. जुन्या काळी गावाच्या वेशीवर नवखा माणूस आला की विचारायचे, "कोण गावचं पाव्हणं? कुणाकडं आलात?" जवळपास तसाच हा प्रश्न आहे, आणि तो विचारायची यंत्रणा उभी राहायला दहा-बारा वर्षं लागली. या यंत्रणेच्या पोटात एक नोंदवही असते. तांत्रिक भाषेत तिला डिरेक्टरी म्हणतात. ही नोंदवही कुणी ठेवायची आणि ती कुणाला किती दाखवायची, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हे सिस्टिम ॲडमिनचं काम वाटतं. पण तुमचं नाव कुणाच्या वहीत आहे यावर तुम्हाला काय मिळतं आणि कुणाला तुमच्याबद्दल काय कळतं, हे ठरत असतं.

भिंतीवरचा पासवर्ड कुठे कमी पडतो

घरच्या वाय-फायला एकच पासवर्ड असतो. पाहुणे आले की आपण तो सांगतो, कॅफेवाला तो फळ्यावर लिहितो. चार-पाच माणसांसाठी हे ठीक आहे. पण वीस हजार विद्यार्थ्यांच्या युनिव्हर्सिटीचा विचार करा. एक जण नोकरी सोडून गेला तर सगळ्यांचा पासवर्ड बदलायचा का? नेटवर्कवरून कुणी धमकीचा मेल पाठवला तर तो वीस हजारांपैकी कुणी, हे कसं कळणार? आणि प्राध्यापकाला प्रयोगशाळेच्या सर्व्हरपर्यंत जाता यावं, पाहुण्याला जाता येऊ नये, हा फरक एकाच पासवर्डने कसा करणार?

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःची किल्ली. तसं करायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, सगळ्यांची नावं असलेली वही. दोन, दारावरच्या माणसाने त्या वहीवाल्याला प्रश्न विचारायची ठरलेली पद्धत. गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टींचा जन्म अमेरिकेतल्या एकाच गावाशी जोडलेला आहे : मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर. आणि त्या वेळी वाय-फाय अस्तित्वातच नव्हतं.

टेलिफोनच्या तारेवरचा द्वारपाल

ॲन आर्बरमध्ये मेरिट नेटवर्क नावाची ना-नफा संस्था आहे. मिशिगनमधल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांनी १९६६ मध्ये आपले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला ती सुरू केली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने देशभरातलं एनएसएफनेट चालवायचं काम मेरिटकडे सोपवलं. आजच्या इंटरनेटच्या कण्यांपैकी तो एक जुना मणका.

त्या काळात घरून नेटवर्कवर यायचं म्हणजे मोडेमने फोन लावायचा. राज्यभरातल्या गावांमध्ये मेरिटची फोन उचलणारी यंत्रं होती. फोन उचलला की प्रश्न एकच : हा कोण? प्रत्येक गावातल्या प्रत्येक यंत्रात सगळ्यांची यादी ठेवणं शक्य नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्याचा पासवर्ड बदलला की किती ठिकाणी बदलणार?

१९९१ मध्ये मेरिटने या कामासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या छोट्या कंपनीने उत्तर दिलं आणि त्यातून 'रेडियस' तयार झालं. कल्पना साधी होती. फोन उचलणारं यंत्र स्वतः काहीच ठरवणार नाही. ते आलेलं नाव आणि पासवर्ड मध्यवर्ती सर्व्हरला कळवेल, सर्व्हर 'येऊ दे' किंवा 'नको' म्हणेल, आणि यंत्र ते ऐकेल. दारावरचा माणूस वेगळा, निर्णय घेणारा वेगळा. शिवाय कोण कधी आला, किती वेळ बसला, याची नोंदही त्याच वाटेने व्हायची. जानेवारी १९९७ मध्ये रेडियसचा तपशील इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांमध्ये आला, आणि २००० मध्ये आलेली त्याची सुधारित आवृत्ती आजही पायाभूत धरतात.

त्या तपशिलात एक छोटीशी सोय आहे, आणि आपली पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. रेडियस सर्व्हरला उत्तर माहीत नसेल, तर तो प्रश्न दुसऱ्या रेडियस सर्व्हरकडे पुढे पाठवू शकतो. म्हणजे "मला माहीत नाही, पण ज्याला माहीत असेल त्याला विचारून सांगतो."

वही हलकी झाली ती कशी

आता वहीकडे येऊ. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना आणि मानक संस्थांनी मिळून 'एक्स.५००' नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. स्वप्न मोठं होतं : साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी. झाडासारखी रचना, वर देश, त्याखाली संस्था, त्याखाली विभाग आणि टोकाला माणूस. पण या डिरेक्टरीशी बोलायची भाषा, तिचं नाव डॅप, इतकी जड होती की त्या काळच्या साध्या मॅकला किंवा पीसीला ती पेलायची नाही.

मिशिगन युनिव्हर्सिटीत टिम होव्स यांच्यापुढे हीच अडचण होती. कँपसवर डिरेक्टरी तर हवी, पण ती लोकांच्या टेबलावरच्या मशिनवर चालायला हवी. आधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'डिक्सी' नावाचा एक हलका मार्ग काढला. मग १९९३ मध्ये वेंग्यिक याँग, टिम होव्स आणि स्टीव्ह किल यांनी 'एलडॅप'चा पहिला तपशील प्रसिद्ध केला. त्या नावातलं पहिलं अक्षरच 'हलकं' या अर्थाचं आहे. सुरुवातीला एलडॅप हे जड एक्स.५०० पर्यंत जायची फक्त पायवाट होतं. १९९५ मध्ये मिशिगनमधल्या लोकांनी स्वतंत्र एलडॅप सर्व्हर दिला आणि मागच्या जड यंत्रणेची गरजच संपली. १९९८ मध्ये त्याच कामातून मुक्त स्रोत 'ओपनएलडॅप' पुढे आलं. २००० साली मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' आणली, तिच्याशीही एलडॅपमधून बोलता येतं. आज जगभरातल्या ऑफिसांमध्ये आणि युनिव्हर्सिट्यांमध्ये तुमचं नाव ज्या वहीत आहे, ती बहुतेक वेळा या घराण्यातली असते.

वही हलकी झाली, पण तिचा कागद कुणी आखला त्याच्या खुणा तिच्यावर राहिल्या. एलडॅपमध्ये 'व्यक्ती' अशी नोंद करायची तर दोन रकाने भरावेच लागतात : एक पूर्ण नाव आणि दुसरं आडनाव. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासाठी वेगळा रकाना मुळातच नाही. समजा, पासपोर्टवर 'सायली प्रकाश' हे नाव आणि 'मोरे' हे आडनाव आहे. युनिव्हर्सिटीच्या वहीत ती 'सायली प्रकाश' होते, आणि मग चार वर्षं तिला मेल येतात ते "प्रिय सायली प्रकाश" असे, किंवा त्याहून वाईट, "प्रिय प्रकाश" असे. दक्षिण भारतातल्या किंवा इंडोनेशियातल्या एकाच नावाच्या मित्राची तर आणखी पंचाईत. आडनाव सक्तीचं, म्हणून कुठे नाव दोनदा लिहितात, कुठे नुसतं टिंब देतात. नाव देवनागरीत ठेवायची सोय मात्र डिसेंबर १९९७ मधल्या एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे, कारण तिने जगातल्या सगळ्या लिप्यांना चालणारं युनिकोड स्वीकारलं. सोय असूनही आपली नावं त्या लिपीत कुणी भरली नाहीत, हा दोष वहीचा नाही.

हवेतलं दार

१९९७ मध्येच वायरलेस नेटवर्कचं पहिलं ८०२.११ मानक मंजूर झालं. वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. दोन वर्षांत वेग वाढला, लॅपटॉपमध्ये वायरलेस कार्डं येऊ लागली. पण तार नसली की एक नवी अडचण येते. तारेच्या नेटवर्कला जोडायला खोलीत शिरावं लागतं. रेडिओ लहरी भिंतीपलीकडे, रस्त्यावरही जातात. म्हणून मानकातच 'वेप' नावाचं कुलूप दिलं होतं, त्याची किल्ली सगळ्यांत मिळून एकच. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी वेपच्या आतल्या गणितातली कमजोरी दाखवली. थोड्याच काळात कुणालाही वापरता येतील अशी कुलूप फोडायची साधनं इंटरनेटवर फिरू लागली.

उपाय शोधणाऱ्यांना नवीन काही शोधावं लागलं नाही. २००१ मध्येच '८०२.१एक्स' हे मानक मंजूर झालं होतं, खरं तर भिंतीतल्या तारेच्या सॉकेटसाठी. त्यात तीन पात्रं असतात. पहिलं, आत येऊ पाहणारं यंत्र, म्हणजे तुमचा फोन. दुसरं, दार, म्हणजे छतावर लटकणारा ॲक्सेस पॉइंट. तिसरं, निर्णय घेणारा सर्व्हर. दार आणि सर्व्हर यांच्यात बोलायला लोकांनी रेडियसच घेतलं, आणि सर्व्हरच्या मागे नोंदवही म्हणून एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी. मोडेमच्या जमान्यातला द्वारपाल असा वाय-फायच्या दारावर येऊन उभा राहिला. २००४ मध्ये ८०२.११आय मानक आलं आणि हे सगळं पक्कं झालं. आपण फोनमध्ये 'डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ' वाचतो, ते हेच. यात नाव पटलं की प्रत्येकाला त्या बैठकीपुरती स्वतंत्र किल्ली मिळते. शेजारी बसलेला माणूस त्याच वाय-फायवर असला तरी तुमची किल्ली त्याच्याकडे नसते.

पाहुण्याचं काय करायचं?

एवढं झाल्यावर प्रत्येक युनिव्हर्सिटीला आपल्या माणसांची सोय करता येत होती. पण संशोधक तर फिरता माणूस. आज युट्रेक्ट, उद्या लिस्बन. दर ठिकाणी त्याने फॉर्म भरायचा, दर ठिकाणी त्याचं नाव नव्या वहीत चढवायचं, आणि तो गेल्यावर ते काढायला कुणाच्या लक्षात राहणार?

नेदरलँड्समध्ये युनिव्हर्सिट्यांचं नेटवर्क चालवणाऱ्या सर्फनेटमध्ये क्लास वीरेंगा काम करत होते. रेडियसमधली ती 'पुढे पाठवायची' सोय आणि ८०२.१एक्स एकत्र वापरायची कल्पना त्यांची. २००३ मध्ये टेरेना या युरोपीय संघटनेच्या एका कृतिगटात तिची चाचणी सुरू झाली : नेदरलँड्स, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन या देशांमधल्या पाच संस्था. गटासमोर आणखी दोन मार्गही होते. एक, वेबपेज उघडून तिथे नाव-पासवर्ड टाकायचा, विमानतळावर असतं तसं. दुसरा, व्हीपीएन. पण पहिल्यात तुमचा पासवर्ड यजमानाच्या वेबपेजवर पडतो, आणि दुसऱ्यात संस्था वाढत गेल्या की व्यवस्था डोईजड होते.

तिसऱ्या मार्गात काय होतं ते नीट पाहा. तुमच्या आयडीत ॲट चिन्हानंतर तुमच्या युनिव्हर्सिटीचं नाव असतं. यजमान संस्थेचा सर्व्हर फक्त तेवढं वाचतो. "हा आमचा नाही," असं म्हणून तो प्रश्न देशाच्या सर्व्हरकडे पाठवतो. तो देशाबाहेरचा असेल तर आणखी वरच्या सर्व्हरकडे, आणि तिथून खाली उतरत प्रश्न तुमच्या घरी पोचतो. तुमचा पासवर्ड या वाटेने जातो तो बंद नळीतून. तुमचा फोन आणि तुमची युनिव्हर्सिटी, या दोन टोकांखेरीज मधल्या कुणाला तो दिसत नाही. फोनची मांडणी नीट केली असेल तर ॲट चिन्हाआधीचं तुमचं नावही मधल्या कुणाला दिसत नाही, तिथे 'अनामिक' असंच लिहिलेलं असतं. घरून उत्तर येतं 'हो' किंवा 'नाही'.

म्हणजे नाव घरी राहतं आणि दारी पोचते फक्त हमी. पाहुण्याने काही गोंधळ घातलाच, तर यजमान वेळ आणि यंत्राची खूण घरच्या संस्थेला कळवतो, आणि घरची संस्था आपल्या वहीत पाहून माणूस शोधते. जबाबदारी सुटत नाही, पण ओळख प्रत्येक दारावर उघडी करावीही लागत नाही. २००४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलिया युरोपबाहेरून पहिला सामील झाला. आज शंभराहून अधिक देशांत एज्युरोम आहे. भारतात ते चालवायचं काम अर्नेट इंडियाकडे आहे.

नवी मुंबई, जुलै २००८

हमीचा मार्ग नसेल तर काय होतं, याचं कडू उदाहरण आपल्याच मुलखातलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. तपास करत पोलिस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि ईमेलसाठी ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क असंच वापरलं गेलं. वहीच नसल्यामुळे खुणेचा शेवट दारापाशी झाला, आणि संशय आला तो घरमालकावर.

यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने नियम केले. सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्याने ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा मोबाइलवर पासवर्ड पाठवून ओळख पटवावी. परिस्थिती पाहता हे समजण्यासारखं होतं. पण उपायाचा आकार बघा. प्रत्येक दाराने स्वतःची वही ठेवायची. लायसन्सच्या आणि पॅनकार्डाच्या झेरॉक्स हॉटेलच्या, सायबर कॅफेच्या ड्रॉवरमध्ये जमा होणार. त्या पुढे कुठे जातात, कोण वाचतं, रद्दीत कधी निघतात, यावर कुणाचाही ताबा नाही. चहावाल्याला खरं तर एवढंच कळायला हवं होतं की गरज पडली तर या माणसाला शोधता येईल. त्याच्या हाती मात्र आपला पत्ता, जन्मतारीख आणि फोटो पडला.

उघडं दार आणि झेरॉक्सचा गठ्ठा, ही दोन टोकं. मधली वाट युनिव्हर्सिट्यांनी पाच वर्षं आधीच चालून दाखवली होती.

उभारताना कुठे अडतं

आता तुमच्यापैकी कुणी विद्यार्थी संघटनेचं ऑफिस, लॅब किंवा छोटी कंपनी सांभाळत असाल, तर ही यंत्रणा स्वतः उभारता येते. वहीसाठी ओपनएलडॅप, किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीसारखं काम करू शकणारं सांबा. द्वारपालासाठी १९९९ मध्ये सुरू झालेलं फ्रीरेडियस. सगळं मुक्त स्रोत. पण तीन जागी हमखास ठेच लागते, आणि तिन्ही ठिकाणी निर्णय तंत्रापेक्षा माणसांबद्दलचा असतो.

पहिली जागा : वहीत पासवर्ड कसा ठेवायचा. शहाणी वही मूळ पासवर्ड ठेवतच नाही. त्याचा मीठ घालून केलेला चुरा ठेवते, म्हणजे वही चोरीला गेली तरी पासवर्ड सहज हाती लागत नाही. पण वाय-फायवर सगळ्यात जास्त चालणारी 'एमएस-चॅप व्ही२' पद्धत अशा चुऱ्याशी जुळत नाही. तिला मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीचा, मीठ नसलेला चुराच लागतो. म्हणून कितीतरी ठिकाणी वहीवाल्याला एक कमजोर प्रत बाळगावी लागते. शिवाय २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी लास व्हेगसच्या डेफकॉन परिषदेत दाखवलं की या पद्धतीतला संवाद उघडा पकडला गेला, तर तो एका दिवसाच्या आत फोडता येतो. दुसरा पर्याय, बंद नळीतून पासवर्ड जसाच्या तसा घरी पाठवायचा आणि तिथे चुरा करून ताडून पाहायचा. तिसरा आणि सगळ्यात पक्का पर्याय, पासवर्डऐवजी प्रत्येक यंत्राला स्वतःचं प्रमाणपत्र द्यायचं.

दुसरी जागा : फोनचा तो प्रश्न, "विश्वास ठेवायचा का?" पहिल्या दोन्ही पर्यायांमध्ये बंद नळीच तुमचं रक्षण करते, आणि नळीचं दुसरं टोक खरंच तुमच्या युनिव्हर्सिटीत आहे ना, हे फक्त त्या प्रमाणपत्रावरून कळतं. 'एज्युरोम' हे नाव कुणीही आपल्या राउटरला देऊ शकतो. कॅफेत बसून कुणी तसा राउटर लावला आणि तुमच्या फोनने प्रमाणपत्र तपासलं नाही, तर फोन बिनदिक्कत त्याच्याशी बोलायला लागेल. याच कारणाने २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइडने 'तपासू नका' हा पर्याय काढून टाकायला सुरुवात केली. तेव्हा एक साधी गोष्ट करा. सेटिंगमध्ये जाऊन आयडी-पासवर्ड हाताने भरण्याऐवजी तुमच्या युनिव्हर्सिटीने दिलेलं एज्युरोमचं अधिकृत इन्स्टॉलर ॲप वापरा. प्रमाणपत्र कुठलं आणि बाहेर दाखवायचं नाव कुठलं, दोन्ही ते नीट भरतं. तोच पासवर्ड तुमच्या मेलचा, फीचा आणि मार्कांचाही असतो, हे विसरू नका.

तिसरी जागा : नाव कधी काढायचं. नवीन माणूस आला की त्याचं नाव चढवायची घाई सगळ्यांना असते. गेलेल्याचं नाव काढायची आठवण कुणाला नसते. म्हणून चांगली डिरेक्टरी हाताने भरत नाहीत. ती प्रवेश विभागाच्या किंवा एचआरच्या नोंदींना जोडतात, म्हणजे तिकडे बदल झाला की इकडे आपोआप होतो. पण आपोआपची दुसरी बाजू तुमच्यापैकी अनेकांना भोगावी लागते. थिसिस जमा झाला, नोकरीची ऑफर अजून हातात नाही, आणि ठरलेल्या तारखेला वहीतली नोंद बंद. वाय-फाय जातं हे सगळ्यात कमी नुकसान. त्याच नोंदीवर लायब्ररी, मेल आणि प्रिंटर टांगलेले असतात. म्हणून पदवी मिळायच्या दोन-तीन महिने आधीच विचारून ठेवा : माझी नोंद कोणत्या तारखेला बंद होणार आहे? बँक, व्हिसा आणि नोकरीचे अर्ज यांसाठी दिलेला मेल त्याआधीच बदला.

वेशीबाहेर कोण राहिलं

एज्युरोमचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की हमी द्यायला ज्याचं 'घर' आहे, त्याच्याच कामाची ही व्यवस्था आहे. भेटायला आलेले आई-बाबा, कँपसवर सफाई करणारी कंत्राटी माणसं, दोन संस्थांच्या मधल्या काळातला संशोधक, यांच्यासाठी पुन्हा पाहुण्यांचं नेटवर्क आणि पुन्हा फॉर्म. घरालाही काही गोष्टी कळतातच. तुम्ही कधी कोणत्या संस्थेच्या दारावर होता, ही नोंद तुमच्या युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकते. हमी देणाऱ्याला पाहुण्याच्या वाटा कळणार, ही हमीची किंमत आहे. ती किती दिवस जपायची आणि कुणाला दाखवायची, हे प्रत्येक संस्थेच्या धोरणात असतं, आणि ते धोरण वाचायचा हक्क तुम्हाला आहे.

मोडेमच्या जमान्यातलं लाकूड कुठे कुठे किडलंही आहे. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी रेडियसमधल्या एमडी५ या जुन्या गणिताचा फायदा घेऊन 'नको' या उत्तराचं 'येऊ दे' करून दाखवलं. वाय-फायची पद्धत त्यातून वाचली, कारण तिच्यात जास्तीची शिक्कामोर्तब सक्तीची आहे. तरी तीस वर्षांपूर्वीच्या पायावर आपण किती मजले चढवले आहेत, हे त्यावरून कळतं.

झेरॉक्सच्या गठ्ठ्यापासून सुरू झालेला भारतही या मधल्या वाटेकडे वळतो आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. त्यात किराणा दुकानदार वाय-फाय देऊ शकतो. त्याला परवाना काढावा लागत नाही. ग्राहकाची नोंदणी एका ॲपकडे होते, दुकानं आणि ॲप यांची यादी मध्यवर्ती नोंदणीत असते, आणि दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये कुणाची झेरॉक्स साठत नाही. दारावरचा माणूस वेगळा आणि वही ठेवणारा वेगळा, ही ॲन आर्बरच्या फोनवाल्यांनी केलेली वाटणी आता वाण्याच्या दुकानापर्यंत पोचली आहे.

पुढे विमानतळ, रुग्णालयं, बाजारपेठा असं सगळीकडे फोन न विचारताच जोडला जाईल, आणि त्या वेळी हमी देणारं 'घर' युनिव्हर्सिटी असेलच असं नाही. ते एखादी फोन कंपनी असेल, बँक असेल किंवा सरकार असेल. तेव्हा फुकट वाय-फाय मिळालं म्हणून खूश होण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. माझं नाव कुणाच्या वहीत आहे? दारावरच्याला त्यातलं किती दिसतं? आणि मी निघून गेल्यावर ते नाव कोण खोडणार आहे?